दोन घड्याळे

मालवणच्या दक्षिणेस देवबाग नावाचे गाव आहे. एका बाजूस अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूस कर्ली नदी, आणि त्या दोहोंच्या मध्ये माडांनी भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी, असे त्या गावाचे रूप आहे. तेथील जुन्या माणसांना घड्याळाची फारशी गरज कधी भासली नाही. आजची तिथी कोणती, एवढे ठाऊक असले की भरती केव्हा येईल आणि ओहोटी केव्हा लागेल, हे ती बोटांवर मोजून सांगतात. अशाच एका घरातील आजी २०२४ साली अमेरिकेस जाण्यास निघाली, आणि तेव्हापासून घड्याळ हा त्या घरातील मोठा प्रश्न होऊन बसला.

तिचा मुलगा न्यू जर्सी येथे नोकरीस होता. त्याच्या घरी नुकतेच बाळ आले होते, आणि पाच-सहा महिने आजीने तेथे येऊन राहावे, असा सर्वांचा आग्रह होता. आबा मात्र जाणार नव्हते. त्यांना कित्येक वर्षांचा मधुमेह होता. शिवाय माडांच्या बागेकडे लक्ष देण्यास घरी कोणी तरी हवेच होते. रोज रात्री आठ वाजता ते इन्सुलिनची सुई टोचून घेत व लगेच जेवावयास बसत. या दोन्ही गोष्टी वेळच्या वेळी होतात की नाही, हे आजवर आजीच पाहत आली होती. “रोज आठाच्या ठोक्याला मी फोन करीन,” असे तिने सांगितले, तेव्हाच आबांनी तिच्या जाण्यास मान डोलावली. रात्री सोबतीला येण्याचे शेजारच्या मुलाने कबूल केले.

चतुर्थीचे गणपती पोहोचवून झाले आणि प्रवासाची तयारी सुरू झाली. पूर्वीच्या काळी परगावी जाणाऱ्या माणसाची शिदोरी म्हणजे पोहे, लाडू आणि पाण्याचा तांब्या. आजीच्या शिदोरीत कोकमाची सोले होती, मालवणी मसाला होता. पण त्याबरोबर मोबाइल फोन, त्याचा चार्जर, विजेचा साठा करणारी पॉवर बँक आणि एक पाठकोरी वही हीही होती. मुलाने फोनवरून एकेक सूचना सांगावी आणि आजीने ती वहीत उतरवून घ्यावी, असा क्रम आठवडाभर चालला होता. पॉवर बँक मोठ्या सामानात ठेवावयाची नाही, हातातील पिशवीतच ठेवावयाची. कारण तिच्यातील बॅटरी क्वचित पेट घेते, आणि सामानाच्या कोठडीत ती आग कोणाच्या दृष्टीस पडत नाही. भारतातील क्रमांक बंद करावयाचा नाही, परदेशातही तो चालेल अशी व्यवस्था आधीच करून ठेवावयाची. कारण बँक आपला गुप्त अंक त्याच क्रमांकावर पाठवते. घरचा क्रमांक ९१ या अंकाने सुरू करावयाचा आणि त्याच्या आधी अधिकचे चिन्ह लावावयाचे. आजीने हे सारे सुवाच्य अक्षरात लिहिले व खाली रेघ मारली.

निघण्याच्या दिवशी आबांनी आपल्या मनगटावरचे घड्याळ सोडून तिच्या हाती दिले. ते एच. एम. टी.चे चावीचे घड्याळ होते. त्या कारखान्याने १९६१ साली बंगळूर येथे जपानमधील एका कंपनीच्या साहाय्याने घड्याळे करावयास घेतली, आणि पुढे देशातील कित्येक घरांत पहिले घड्याळ आले ते त्याच नावाचे. २०१६ साली तो घड्याळांचा कारखाना बंद झाला. पण आबांचे घड्याळ बंद पडले नव्हते. “ह्याचे काटे फिरवू नकोस,” आबा म्हणाले. “तिथे कितीही वाजोत, ह्याच्यात आपल्या देवबागेचे वाजू देत.”

कुडाळहून कोकण रेल्वेने मुंबई, आणि मुंबईहून विमानाने अमेरिका, असा प्रवास झाला. तेथे पोहोचल्यावर आजीचा पहिला खटका उडाला तो मिक्सरशी. मुलगा नको म्हणत असतानाही तिने घरचा मिक्सर कपड्यांत गुंडाळून बरोबर नेला होता. पाट्यावरवंट्याच्या खालोखाल तिचा विश्वास त्याच्यावरच होता. आपल्याकडील प्लगला गोल पिना असतात, तर तेथील भिंतीत चपट्या पिनांची भोके. म्हणून मध्ये एक अडॅप्टर बसविला. आजीने खोबरे व मसाला भांड्यात घातला आणि कळ दाबली. घरी गर्जना करणारा तो मिक्सर येथे म्हाताऱ्या बैलासारखा कण्हत कण्हत फिरू लागला. खोबरे जाडेभरडेच राहिले.

“मग माझ्या फोनचा चार्जर बरा चालतो?” आजीने विचारले. तिच्या बारा वर्षांच्या नातीने चार्जरवरची बारीक अक्षरे तिला वाचून दाखविली. तेथे १०० ते २४० व्होल्ट असे छापले होते. भारतात घरोघरी येणारी वीज २३० व्होल्टची, तर अमेरिकेतील १२० व्होल्टची. चार्जर अशा रीतीने बनविलेला असतो, की दोन्ही ठिकाणची वीज घेऊन तो फोनला हवी तेवढीच पुरवितो. मिक्सर मात्र २३० व्होल्टसाठीच घडविलेला. त्याला निम्मी वीज मिळाली, तेव्हा निम्मे बळही उरले नाही. अडॅप्टर पिनांचा आकार बदलतो, विजेचा दाब बदलत नाही. याच्या उलट तेथील १२० व्होल्टचे यंत्र आपल्याकडे आणून लावले, तर ते जळून जाण्याची भीती असते. आजीने वहीत लिहिले : ‘पीन बसली म्हणजे वस्तू बसली असे नव्हे.’

फोनचा नेम मात्र उत्तम चालला होता. तेथे सकाळचे साडेदहा वाजले, की देवबागेत रात्रीचे आठ वाजत. आजीच्या फोनवर साडेदहा आणि मनगटावरील घड्याळात आठ, अशी दोन्ही वेळांची जोडी जमली की ती फोन लावी. आबांचा फोन साधा, बटनांचा होता. त्यावरून परदेशी फोन करता येत नसे. म्हणून घंटा वाजण्याची ते वाट पाहत. “जेवलास मां?” असे आजीने विचारावे, “आता पानावरच बसतंय,” असे आबांनी म्हणावे, आणि दोघांनी दिवसभराच्या गोष्टी बोलाव्यात, असे महिनाभर चालले.

३ नोव्हेंबर २०२४ हा रविवार होता. त्या दिवशी भाऊबीज होती. सकाळी सात वाजता उठून आजीने सवयीने घड्याळाला चावी दिली, आणि ती चमकली. रोज या वेळी त्यात साडेचार वाजलेले असत. आज साडेपाच वाजले होते. एका रात्रीत घड्याळ बरोबर एक तास पुढे गेले होते! ‘बिचारे म्हातारे झाले,’ असे ती मनाशी म्हणाली. फोन नवा होता, हुशार होता. तो चुकेल असे तिच्या मनातही आले नाही. आबांचे शब्द तिला आठवले. तरीही तिने चावी बाहेर ओढून काटे एक तास मागे फिरविले.

साडेदहा वाजता तिने फोन लावला. आबांचा आवाज आला नाही. शेजारचा मुलगा घाबऱ्या घाबऱ्या बोलत होता. आबांनी आठ वाजता सुई टोचून घेतली होती. फोन आता येईल, मग येईल, म्हणून पान झाकून ते ओटीवर बसून राहिले. इन्सुलिन रक्तातील साखर कमी करते. सुई घेतल्यावर वेळेवर अन्न पोटात गेले नाही, तर साखर बेताबाहेर उतरते. पाऊण तासाने आबांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले. बहिणीकडची ओवाळणी आटोपून तो मुलगा नेमका त्याच वेळी आला. शाळेत ऐकलेली गोष्ट त्याला आठवली. त्याने पेलाभर पाण्यात चार चमचे साखर घालून ती आबांना हळूहळू पाजली, आणि मग त्यांना जेवावयास बसविले.

थोड्या वेळाने आबा स्वतः फोनवर आले. “फोन इलो नाय म्हणान जीव घाबरलो माझो,” एवढेच ते म्हणाले. आजीच्या तोंडून शब्द फुटेना. “पण मी तर आठ वाजताच केला,” ती कशीबशी म्हणाली. “आठ कसले? नऊ वाजून गेले,” आबांनी सांगितले.

आजी स्वयंपाकघरात आली, तेव्हा तिचा मुलगा शेगडीवरील घड्याळाचे आकडे एक तास मागे करीत होता. तिने कारण विचारले, आणि मग सारा उलगडा झाला. अमेरिकेच्या बहुतेक भागांत उन्हाळ्यात दिवस मोठा असतो, म्हणून मार्च महिन्यातील दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे नेतात, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे आणतात. फोन हा बदल रात्री आपण होऊन करतात; घरातील माणसांना त्याची इतकी सवय झालेली, की आजीला सांगावयाचे कोणाच्या ध्यानातच आले नाही. भारतात असा बदल होत नाही. त्यामुळे कालपर्यंत साडेनऊ तासांचे असलेले अंतर आज साडेदहा तासांचे झाले होते.

“म्हणजे आबांचं घड्याळ चुकलंच नव्हतं?” आजीने विचारले.

“नाही, आजी,” नात म्हणाली. “आणि फोनही चुकला नव्हता. तो इथली वेळ सांगत होता, आणि घड्याळ तिथली.”

आजी बराच वेळ गप्प बसली. जे खरे होते, त्यालाच आपण खोटे ठरविले, याचे तिला राहून राहून वाईट वाटत होते. दुपारी नातीने भूगोलाचे पुस्तक काढून तिच्याजवळ बैठक मारली. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे लागतात. साऱ्या भारताची वेळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशावरून धरलेली आहे. मालवण त्याच्या सुमारे ९ अंश पश्चिमेस. म्हणून घड्याळात बारा वाजले, तरी तेथे सूर्य माथ्यावर येण्यास सरासरीने ३६ मिनिटे अवकाश असतो. ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ रोजी सुरू झाली. मुंबई शहराने आपली निराळी वेळ त्यानंतरही कित्येक वर्षे सोडली नव्हती. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. मालवण येथे १८३७ साली जन्मलेले विद्वान रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८८६ साली व्हिएन्ना येथील प्राच्यविद्यापंडितांच्या परिषदेस गेले होते. तेव्हा तर देशोदेशींच्या शहरांच्या वेळा निरनिराळ्या होत्या, आणि त्या जुळवून देणारा फोन कोणाच्या खिशात नव्हता.

त्या दिवशी आजीने दोन गोष्टी केल्या. नातीकडून फोनमध्ये येथली आणि भारतातील अशा दोन्ही वेळा शेजारी शेजारी लावून घेतल्या, आणि त्यांवरून आबांच्या घड्याळाचे काटे पुन्हा देवबागेच्या वेळेवर आणले. मग तिने आबांकडून एक वचन घेतले. फोन येवो अथवा न येवो, पान वाढल्यावाचून सुई घ्यावयाची नाही, आणि सुई घेतल्यावर जेवणासाठी कोणाचीही वाट पाहावयाची नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळचे साडेनऊ वाजले की ती फोन लावू लागली. पलीकडून “जेवतंय गे” असा घास घोळवीत आलेला आबांचा आवाज ऐकला, की तिचा जीव खाली पडे.

फेब्रुवारी महिन्यात आजी परत आली. मिक्सरही परत आला, आणि घरच्या विजेवर पहिल्यासारखा गर्जू लागला. आजीने घड्याळ आबांच्या मनगटावर बांधले, तेव्हा आबांनी ओटीवरील भिंतीच्या घड्याळाकडे पाहिले. दोहोंत एकच वेळ होती. “काटे फिरवलेस नाय मां?” त्यांनी हसत विचारले.

आजीने उत्तर दिले नाही. तिने आपली वही उघडून शेवटचे पान आबांच्या पुढे धरले. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते : ‘दोन घड्याळांत फरक पडला, तर एकाला खोटे म्हणण्याआधी ते कुठली वेळ सांगते, हे विचारावे.’