शटरची आतली बाजू

अतुल डोडिया यांचं २००२ सालचं ‘महालक्ष्मी’ मी पहिल्यांदा पाहिलं ते एका मासिकातल्या छायाचित्रात. दुकानाला असतं तसं लोखंडी शटर आणि त्यावर इनॅमल रंगात लक्ष्मी. शटर वर गुंडाळलं की मागे लॅमिनेटच्या फळीवर दुसरं चित्र. आपल्या हुंड्याचा भार बापावर नको म्हणून कानपुरात गळफास घेतलेल्या तीन बहिणींचं. ते पान मिटवेना. पण खरं सांगायचं तर माझी नजर आधी गेली ती शटरच्या पट्ट्यांवर, आणि पट्ट्यांवरून थेट पेंटरकाकांवर.

१९८२च्या संपानंतर वडिलांची गिरणी पुन्हा सुरू झालीच नाही. लालबागच्या आमच्या चाळीत तेव्हा घरटी तीच कथा होती. शाळेच्या सुट्टीत आईने मला शेजारच्या पेंटरकाकांच्या हाताखाली धाडलं. रॉकेलमध्ये ब्रश बुचकळायचे, शिडी धरायची, निळीत भिजवलेली दोरी ताणून सूत मारायला मदत करायची. संध्याकाळी काका माझ्या हातावर पैसे ठेवायचे ते मोठ्या माणसाला देतात तसे, मोजून.

शटर रंगवणं हे भिंत रंगवण्यासारखं नाही. भिंत सपाट असते, शटर म्हणजे नुसत्या लाटा. काका फूटपट्टी वापरत नसत, पट्ट्या मोजत. “हे अक्षर चार पट्ट्यांचं, वेलांटीला वरची एक.” शिरोरेघ नेहमी पट्टीच्या पोटावर, खोबणीत कधीच नाही. खोबणीत रंग साचतो आणि शटर दहा वेळा वर-खाली झालं की तिथूनच पापुद्रा सुटतो. काठीवर मनगट टेकवून ते एका श्वासात शिरोरेघ ओढत. तो श्वास सुटेपर्यंत मीही श्वास धरून उभा असे.

आणि हे सगळं करायचं दुकान बंद असेल त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं की काकांचं काम गुंडाळून वर जायचं. रस्ता गजबजलेला असताना त्यांचं एक अक्षरही दिसत नसे. दिसायचं ते रात्री, दिव्याच्या खांबाखाली.

एका मे महिन्यात भांड्यांच्या दुकानाचं शटर रंगवून झालं होतं. लाल अक्षरं, पिवळी छाया. कुलपाची चावी माझ्याकडे देऊन काका रंगाचे पैसे चुकवायला गेले. तेवढ्यात वळवाचा पाऊस आला. रंग वाहून जाईल या भीतीने मी कुलूप काढलं आणि शटर वर ढकललं. ओली अक्षरं एकमेकांवर गुंडाळली गेली. खाली ओढलं तेव्हा बाहेरच्या बाजूला नुसता चिखल उरला होता आणि आतल्या बाजूला उलटी अक्षरं उमटली होती.

मालक आला तेव्हा मी काकांच्या मागे उभा होतो. काका म्हणाले, “शेठ, शटर मीच उचललं. चूक झाली. पुढच्या सुट्टीला नवं करून देतो.” मालक भर रस्त्यात त्यांना वाटेल ते बोलला. काकांनी ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी पदरचा रंग घालून ते सगळं पुन्हा केलं, आणि त्या दिवसाचेही पैसे मला मोजून दिले. माझी चूक त्यांनी पुन्हा कधी तोंडातून काढली नाही.

जानेवारी १९९३च्या दंगलीत दुकानं दिवसेंदिवस बंद होती. थोडं निवळल्यावर आम्ही दोघे दूध शोधायला बाहेर पडलो. भर दुपारी सगळी शटरं खाली, आणि ओळीने काकांची अक्षरं. त्यांचं इतकं काम एकत्र मी कधीच पाहिलं नव्हतं. मी तसं म्हणालोही. काका चालताना थांबले. “दिवसा आपलं काम दिसतंय, हे बरं लक्षण नाही,” म्हणाले.

पुढे चित्रकलेच्या शिक्षणात पॉप आर्ट आलं. टाइम्स स्क्वेअरचे प्रचंड बोर्ड रंगवणाऱ्या जेम्स रोझेनक्विस्टने त्याच सवयीच्या हाताने ८६ फुटी ‘एफ-१११’ रंगवलं, हे शिकलो. हुसेन सिनेमाचे बोर्ड रंगवत, हे तर ठाऊकच होतं. लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये २००१ साली ‘सेंच्युरी सिटी’ प्रदर्शन भरलं. त्यातला मुंबईचा विभाग १९९२ पासूनच्या वर्षांचा होता आणि त्यात डोडियांची शटरं होती. तेव्हा मला ती दुपार आठवली. बंद शटरलाही काही बोलायचं असतं हे त्या चित्रकाराने ओळखलं, काकांना ते आधीच ठाऊक होतं.

‘महालक्ष्मी’चं ते पान मी काकांना नेऊन दाखवलं. एव्हाना फ्लेक्स आले होते आणि काकांचे डबे माळ्यावर गेले होते. त्यांनी चष्मा चढवला, पान उजेडाकडे धरलं.

“उचलताना रंग सुटत नाही का रे?”

मग बराच वेळ ते मागचं चित्र बघत राहिले. त्या तीन पोरींवरून त्यांनी हलकेच बोट फिरवलं. “आम्ही बाहेरचंच रंगवत आलो,” एवढंच म्हणाले.

ते गेल्यावर वर्षभराने मी त्या भांड्यांच्या दुकानात गेलो. गल्ल्यावर मालकाचा मुलगा होता. दुकान वाढवायची वेळ झाली होती. जरा आत उभा राहू का, म्हणून मी विचारलं. त्याने शटर अर्ध्यावर ओढलं. आतल्या बाजूला, गंजाच्या डागांमध्ये, फिकट लाल ‘भां’ होता. उलटा. अनुस्वाराचा ठिपका तेवढा अजून ठसठशीत.

“आमच्या बाबांच्या वेळेचं आहे ते,” तो म्हणाला. “पेंटरने घाण करून ठेवली होती म्हणतात.”

“पेंटरने नाही,” मी म्हणालो. “शटर मी उचललं होतं.”