एका दाण्याचा हिशेब
२५ मीटर सेंटर-फायर पिस्तुलाच्या स्पर्धेत ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर व्यासाच्या गोळ्या चालतात. मोठी गोळी मोठे छिद्र पाडते, या हिशेबाने अमेरिकेत आल्यावर मी .३८ घेतले. गुण तपासण्याचा गेज सर्वांना ९.६५चाच, हे उशिरा उमगले. मग सौम्य धक्क्याचे.३२ आले.

काडतुसे घरीच भरतो. दारूचे (बंदुकीच्या, हे सांगावे लागते) माप ग्रेन, म्हणजे मुळात धान्याचा दाणा. आपल्या सोनाराच्या गुंजेचे भावंडच. एकदा बोलता बोलता एक काडतूस दारूविनाच बंद झाले. सरावात आवाज दबका आला, गोळी नळीतच अडकली. सवयीने स्लाइड ओढून पुन्हा चाप दाबणार, तोच थबकलो.

त्या खेपेची उरलेली सारी काडतुसे उघडून पुन्हा तोलली. आता भरताना पत्नी खोलीत आली तरी मी बोलत नाही. तिला तो तुसडेपणा वाटतो.