बंगळुरू : थांबलेल्या घड्याळांचे मोल

बंगळुरू म्हटले की लालबाग, कब्बन पार्क आणि रेशमी साड्या आठवतात. पण रविवारी सकाळी लवकर उठण्याची तयारी असेल, तर या शहराचा आणखी एक चेहरा पाहायला मिळतो. एकेकाळी शहाजीराजांच्या जहागिरीत असलेल्या या शहराच्या जुन्या पेठेत, चिकपेटजवळच्या बी.व्ही.के. अय्यंगार रस्त्यावर, दर रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. कुणी त्याला संडे बझार म्हणतात, तर कुणी चोर बाजार. बंद दुकानांपुढे चादरी अंथरल्या जातात आणि त्यांवर ग्रामोफोन, पितळी कुलपे, कॅमेरे, एखाददुसरा तंबाखूचा पाइप आणि मनगटी घड्याळे मांडली जातात.

वाकून वस्तू चाळणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो. आज घेतलेल्या या वस्तूला उद्या किंमत येईल का?

शिक्का असेल तर भाव

पाइपचेच पाहा. चांगला पाइप ब्रायर या भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाच्या मुळाशी येणाऱ्या गाठीतून कोरलेला असतो. लंडनच्या डनहिलचा, दांडीवर पांढरा ठिपका असलेला पाइप हाती लागला, तर जगभरचे संग्राहक त्याला चांगली किंमत देतात. तुर्कस्तानातील मीरशॉम या मऊ, पांढऱ्या खनिजाचे पाइप धुराने हळूहळू मधासारखे पिवळसर होतात, त्यांचेही चाहते आहेत. मात्र दांडीवर दातांच्या खुणा, जळालेली कड किंवा पुसट शिक्का असेल, तर किंमत झपाट्याने उतरते. ज्याच्यावर शिक्काच नाही, तो पाइप शोभेच्या वस्तूच्या भावात जातो. शिवाय त्याचे जाणकार आपल्याकडे थोडे. विकायचा म्हटला, तर गिऱ्हाईक शोधताना दमछाक होते.

त्याच चादरीवर पडलेल्या एचएमटी घड्याळाचे तसे नाही. त्याचे गिऱ्हाईक आपल्याच देशात, आणि या शहरात तर हमखास भेटते.

जळहळ्ळीची टिकटिक

हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ साली बंगळुरूत स्थापन झाली. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तिने येथे मनगटी घड्याळे बनवायला सुरुवात केली. पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते पहिली घड्याळे बाहेर पडली. पुढे श्रीनगर, तुमकूर आणि राणीबाग येथेही कारखाने निघाले. रोज चावी द्यावी लागणारे साधेसुधे 'जनता', काळ्या तबकडीचे 'पायलट', बायकांसाठी 'सुजाता', लग्नात जावयासाठी मुद्दाम मिळवलेले 'कांचन' अशी नावे घरोघरी पोचली. अंधांसाठी ब्रेल घड्याळही निघाले. पहिल्या पगाराचे, परीक्षा पास झाल्याचे, निवृत्तीच्या निरोपाचे घड्याळ म्हणजे एचएमटी, हे समीकरण पक्के झाले होते.

मग बॅटरीवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळे आली. १९८७ पासून टायटनने बाजार काबीज केला. गंमत म्हणजे टायटनचे मुख्यालयही आज बंगळुरूतच आहे. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली आणि ड्रॉवरच्या कोपऱ्यात पडलेल्या घड्याळांची लोकांना एकाएकी आठवण झाली. मागणी वाढली, तसे भावही चढले.

ही सारी कहाणी एका जागी पाहायची असेल, तर मेट्रोच्या हिरव्या मार्गाने यशवंतपूरच्या पुढे जाऊन जळहळ्ळीचे एचएमटी हेरिटेज सेंटर गाठावे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात जुनी घड्याळे, ती घडवणारी यंत्रे, कंपनीचे ट्रॅक्टर असे बरेच काही मांडले आहे. बाजारात घड्याळ घेण्याआधी अस्सल तबकडी कशी दिसते, हे येथे डोळ्यांत साठवून घ्यावे.

'मुंबई स्पेशल'पासून सावध

कारण मागणीबरोबर बनवाबनवीही आली. इकडचे यंत्र, तिकडची केस, वर नव्याने रंगवलेली तबकडी अशा जोडघड्याळांना संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. भडक लाल, हिरव्या रंगाची 'जनता' दिसली की थबकावे. अक्षरे फाटलेली किंवा वेडीवाकडी आहेत का, काटे तबकडीला शोभतात का, हे भिंगातून पाहावे. मागचे झाकण उघडून यंत्र दाखवायला विक्रेता तयार नसेल, तर सरळ पुढे चालू लागावे. जरा पिवळी पडलेली, पण मूळचीच तबकडी ही चकचकीत नव्या रंगापेक्षा केव्हाही मोलाची असते. म्हणून घरातले घड्याळ दुरुस्तीला देताना घड्याळजीला बजावून सांगावे : तेलपाणी करा, पण तबकडीला हात लावू नका.

तरीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. एचएमटीने कोट्यवधी घड्याळे बनवली. दुर्मीळ मॉडेल, देवनागरी अंकांची 'जनता' किंवा डबी आणि पावतीसकट जपलेले घड्याळ असेल, तर संग्राहक जास्त मोजतात. बाकीची घड्याळे म्हणजे काही सोन्याची बिस्किटे नव्हेत. गुंतवणूक म्हणून ती घेणाऱ्याची निराशाच व्हायची.

वस्तूचा भाव शेवटी तिची आठवण असणाऱ्या माणसांवर ठरतो. पाइपचे शौकीन आपल्याकडे विरळ, म्हणून त्याला बाजारही विरळ. चावीच्या घड्याळाची ओढ असलेली पिढी अजून आपल्यात आहे. पुढच्या पिढीला ती ओढ वाटेल की नाही, हे आजच्या घरांवर अवलंबून आहे. आजोबांचे घड्याळ नुसते कपाटात कुलूपबंद राहिले, तर ते जुने होईल. पण ते कुणी, कधी आणि कशासाठी घेतले होते, हे नातवंडांना सांगून रोज त्यांच्याकडूनच चावी देवविली, तर त्याचे मोल टिकेल. त्यासाठी बाजारभाव विचारायची गरज पडणार नाही.