पायी चालण्याचे दिवस

वाचकहो, आपल्या समाजात तब्येतीची चौकशी करण्याची रीत मोठी आहे. तब्येतीसाठी काही करण्याची रीत मात्र अजून पडायची आहे. विहारात भेट झाली की 'जयभीम' आणि लगेच 'तब्येत बरी ना?' उत्तरही ठरलेले, 'चाललंय'. आमच्या घरातले हे 'चाललंय' दोन वर्षांपूर्वी अडले. आम्हा दोघांपैकी एकाच्या रक्तात साखर निघाली, तर दुसरीचे गुडघे जिना चढताना कुरकुरू लागले. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहिल्या आणि खाली रेघ ओढून लिहिले, 'रोज चालणे'.

चालणे! आमच्या आईवडिलांना हे औषध कुणी सांगितले असते तर ती माणसे पोट धरून हसली असती. त्यांचे आयुष्यच चालण्यात गेले. पाण्याला चालायचे, मजुरीला चालायचे, बाजाराला चालायचे. आणि रस्ता तरी कुठे सर्वांचा होता? पेशवाईत पुण्यात आपल्या माणसांना कमरेला झाडू बांधून फिरावे लागे, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. केरळात वायकोमला मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून नुसते जाता यावे म्हणून 1924 साली सत्याग्रह करावा लागला. महाडला 20 मार्च 1927 रोजी लोक परिषदेच्या मांडवातून निघाले ते चालतच चवदार तळ्यावर गेले. ज्या समाजाने एकेक पाऊल असे मिळवले, त्यातल्या दोघांनी कुठेही न जाण्यासाठी चालायचे, हे पहिल्या आठवड्यात आम्हांला पचेना. शेजारीण विचारी, "सकाळीच कुठं निघालात?" 'कुठं नाही' म्हणायला जीभ वळत नसे. म्हणून आम्ही हातात पिशवी घेऊन निघत असू. बाजाराला निघालेल्या माणसाला कोणी कारण विचारत नाही!

पिशवी सुटली ती एका धम्मबांधवाच्या बोलण्याने. ते म्हणाले, "अहो, तुम्ही चंकमण करता आणि लाजता कशाला?" मग आम्ही अंगुत्तर निकायाचे मराठी भाषांतर काढून पाहिले. भिक्खूंनी ये-जा करीत चालावे, त्याचे पाच फायदे तथागतांनी सांगितले आहेत. प्रवासाला शरीर टिकते, साधनेला टिकते, आजार कमी होतात, खाल्लेले अन्न नीट पचते आणि चालताना लागलेली एकाग्रता पुष्कळ वेळ राहते. बोधगयेला महाबोधी विहाराच्या उत्तरेला तथागतांच्या चालण्याची जागा आजही दाखवतात. आपण तिथे जातो, फोटो काढतो, आणि घरी येऊन गल्लीच्या टोकापर्यंत रिक्षा करतो.

चालण्यापेक्षा अवघड निघाले ते खाणे. जयंतीला पेढे, बुद्ध पौर्णिमेला खीर, बारशाला शिरा, पास झालेल्या पोराच्या घरी पुन्हा पेढे. ज्याला मधुमेह आहे त्याने काय करावे? नको म्हणणे आपल्याकडे साधे नाही. आपल्या हातचे पाणी न घेणारी माणसे आपल्या आजोबा-आजींनी पाहिली आहेत. त्यामुळे कुणी ताटातला घास नाकारला की घरच्या बाईच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते केवळ रुसणे नसते. आम्ही तोड काढली ती अशी : पेढा हातात घ्यायचा, कणभर तोंडात टाकायचा, उरलेला शेजारच्या मुलाला द्यायचा. एका आयुष्मतीने हे पाहिले. पुढच्या वेळी तिने आमच्यापुढे मूठभर फुटाणे ठेवले, आणि तेही न सांगता. त्या फुटाण्यांची चव आमच्या जिभेवर अजून आहे.

खाण्याचा त्रास राजालाही चुकला नाही. कोसलचा राजा पसेनदी एकदा इतका जेवून आला की तथागतांपुढे बसून धापा टाकू लागला. तथागतांनी त्याला मापात खाण्यावर एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोजच्या शंभर कहापणांवर, आपण जेवत असताना ती म्हणण्याच्या कामावर ठेवले. हळूहळू राजाचा भात कमी झाला आणि अंग हलके झाले. आमच्याकडे हे काम नात फुकट करते. "आजोबा, दुसरी वाटी!" एवढीच तिची गाथा.

हे सारे हसण्यावारी नेता येत नाही. आमच्याच वसाहतीतल्या एका कार्यकर्त्याचे पायाचे बोट काढावे लागले. मधुमेहाने तळपाय बधिर झालेले, एप्रिलच्या उन्हात मिरवणुकीत अनवाणी चालले, फोड आला तो कळलाच नाही. साखर असलेल्याने अनवाणी चालू नये, रात्री तळपाय उजेडात पाहावेत, हे विहारात वंदनेनंतर सांगायला दोन मिनिटे लागतात. बाबासाहेबांनाही मधुमेह होता, पायांच्या नसांचे दुखणे होते. तशा शरीराने 14 ऑक्टोबर 1956 ला ते हातात काठी घेऊन नागपूरला लाखोंसमोर उभे राहिले आणि दोन महिन्यांच्या आत गेले. वय अवघे 65. त्यांना विसावा घ्यायला सवड नव्हती. आपल्याला रोजची अर्ध्या तासाची सवड नाही, हे मात्र आम्हांला पटत नाही.

वर्षभरानंतर उपाशीपोटीची साखर 190 वरून 128 वर आली, तेव्हा आम्ही स्वतःलाच बक्षीस दिले. जयंती नाही, परिषद नाही, अशी केवळ मौजेची सहल! बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीला गेलो. गुडघ्यांचा मान राखून वरपर्यंत बसने, लेण्यांत मात्र पायीच. तिथे शंभरांवर लेणी आहेत आणि खडकात खोदलेल्या पायऱ्यांनी ती जोडलेली आहेत. तिसऱ्या लेण्यातले चैत्यगृह पाहिले, ओसरीतल्या दोन भव्य बुद्धमूर्तींपुढे त्रिसरण-पंचशील घेतले. पण मन अडकले ते पाण्याच्या टाक्यांपाशी. लेण्या-लेण्यापाशी टाके, आणि पावसाचे पाणी त्यात उतरावे म्हणून दगडात कोरलेले पाट. शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. कल्याणच्या एका सोनाराने इथे पोढी दान दिली आणि कल्याणच्याच एका लोहाराने वाट करून दिली, असे तिथले लेख सांगतात. लोहाराने वाट दान द्यावी! आम्ही बराच वेळ पायरीवर बसून राहिलो. गुडघेवाली उठली ती आधार न घेता, आणि साखरवाल्याला म्हणाली, "चला आता, अजून वरची राहिलीत."

खाली आल्यावर माकडांपासून पिशवी सांभाळत ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि मेथीची भाजी खाल्ली. हॉटेलचा खर्च शून्य.

पुढच्या महिन्यात कर्जतजवळची कोंडाण्याची लेणी मनात आहेत. तिथे चढ आहे, म्हणून डॉक्टरीणबाईंना विचारूनच दिवस ठरवू. ज्यांना सोबत यायचे असेल त्यांनी रविवारच्या वंदनेनंतर विहारात गाठावे. भाकरी ज्याची त्याने आणावी, पाणी भरपूर घ्यावे, आणि पायात चांगले बूट असावेत.