अतिभार

नंदुरबारच्या एका मिरची व्यापाऱ्याच्या घरी यंदाच्या चातुर्मासात रात्री प्रतिक्रमणानंतर सामूहिक वाचन होत असे. पुणे-सुरतेचे नातलग मोबाईलच्या पडद्यावर येऊन बसत. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय चालू होता. अहिंसा-अणुव्रताचे पाच अतिचार आले: जीवाला बांधणे, मारणे, त्याचे अवयव छेदणे, झेपणार नाही एवढा भार लादणे आणि अन्नपाणी रोखणे.

पुण्याची पुतणी म्हणाली, "काका, यांत जीव घेणे कुठेच नाही. येथे 'वध' म्हणजेही काठी-चाबकाने मारणे." पीटर सिंगर यांचे पशुमुक्तीवरील पुस्तक १९७५ चे; कामाला जुंपलेल्या प्राण्याच्या वेदनेचा हिशेब मात्र आपल्या आचार्यांनी कित्येक शतके आधी मांडला, याचा सर्वांना अभिमान वाटला.

काका मात्र गप्प झाले. त्यांच्या लहानपणी शहाद्याकडून माल बैलगाडीने येई. "आणखी दोन पोती बसतील," हे वडिलांचे नेहमीचे वाक्य. पांजरपोळाची देणगी त्यांनी कधी चुकवली नाही; पण चढावर गुडघे टेकलेला बैल काकांच्या डोळ्यांपुढून हलेना. "व्रत मोडले नाही, पण मलिन झाले," एवढेच ते बोलले.

दुसऱ्या दिवशी पेढीसमोर टेम्पो उभा होता. बैल केव्हाच गेले होते. हमालाच्या पाठीवर दुसरे पोते चढू लागले, तेव्हा काकांनी हात वर केला.

"एकच. तोही पंचेंद्रिय जीव आहे."

त्या दिवशी माल भरायला बराच उशीर झाला.