कानस जरा बाजूला ठेव

टार्निट, व्हिक्टोरिया

ती. दादास,

पोरीचं पिस्तूल सरावात सारखं अडतंय आणि उद्यमनगरातला ओळखीचा फिटर मॅगझिनचे ओठ व चेंबरच्या तोंडापुढचा उतार कानशीने ‘जरा मोकळे’ करून द्यायला तयार आहे, असं कळलं. फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून हे लांबलचक पत्र. दादा, ते पिस्तूल फिटरच्या बाकावर ठेवूच नकोस. एक तर १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे पिस्तुलाच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो; त्या भल्या माणसाला नसत्या भानगडीत ओढू नये. दुसरं कारण त्याहून मोठं आहे. अडणाऱ्या पॉइंट २२ मध्ये दोष एकट्या भागाचा क्वचितच असतो. काडतूस, मॅगझिन आणि चेंबर या तिघांचं जमेनासं झालेलं असतं. त्यातल्या एकाला घासलं की उरलेल्या दोघांशी असलेला त्याचा मेळही जातो, आणि मूळ दुखणं कुठं होतं ते मग कुणालाच सांगता येत नाही.

हे काडतूस तुझ्या ओळखीचं आहे. एनसीसीच्या कॅम्पला पालथं पडून ज्या टू-टू रायफलीने गोळ्या मारल्यास, तेच हे पॉइंट २२ लाँग रायफल. अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने ते १८८७ साली आणलं आणि त्याची ठेवण आजही जवळपास तीच आहे. पितळी पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली पोकळ कड, पेट घेणारा मसाला त्या कडेत, आणि फायरिंग पिन कडेवर आदळली की बार; म्हणून हे रिमफायर. गोळी मऊ शिशाची, जाडीला पुंगळीएवढीच, वरून मेणाचा किंवा ग्रीसचा हात दिलेली. सगळं मिळून एक इंच लांबी, त्यात गोळीचं वजन अडीच ग्रॅमच्या किंचित वर.

एकेक करून हाताने भरायचं असेल तर यात काही खोट नाही. नेमबाज स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला शातोरूत ऑलिंपिकचं ब्राँझ जिंकलं ते याच काडतुसावर. पण ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये प्रत्येक काडतूस नेमबाज स्वतःच्या बोटांनी चेंबरमध्ये सरकवतो. तुझ्या लेकीच्या २५ मीटर पिस्तुलात ते काम यंत्र करतं, आणि रॅपिड फेरीत तिला गोळी मारायला तीन सेकंद मिळतात, मग सात सेकंदांची उसंत, पुन्हा तीन सेकंद. मेणाने माखलेलं, मऊ नाकाचं, कडेचं काडतूस तेवढ्या वेळात विनातक्रार आत जायला हवं. जुन्या कारागिरांनाही ही अडचण ठाऊक होती. विंचेस्टरने १९०३ साली आपली सेमी-ऑटोमॅटिक रिमफायर रायफल काढली तेव्हा तिच्यासाठी वेगळंच पॉइंट २२ काडतूस तयार केलं. बाजारात तेव्हा काळ्या दारूची काडतुसं सर्रास मिळत, आणि त्यांच्या काजळीने ते यंत्र बघता बघता अडलं असतं.

‘जाम झालं’ या दोन शब्दांत चार निरनिराळे बिघाड दडलेले असतात. नवं काडतूस मॅगझिनमधून वर येऊन आत शिरतं, ते चेंबरमध्ये पूर्ण बसतं, बार उडतो, आणि रिकामी पुंगळी मागे ओढली जाऊन बाहेर फेकली जाते. यातलं नेमकं काय चुकलं हे अडकलेलं काडतूस बघूनच कळतं. रिकामी पुंगळी खिडकीत उभी अडकली असेल तर आत भरण्यात दोष नाही, बाहेर टाकण्यात आहे. तिथं उतार घासून काय होणार? भरलेलं काडतूस नाक वर करून किंवा खाली खुपसून थांबलं असेल तर मॅगझिनकडे बघायचं. काडतूस जवळजवळ आत गेलंय पण स्लाइड केसभर उघडी राहिली, तर चेंबर मळलंय किंवा तंग आहे. आणि स्लाइड पुढे आली पण चेंबर रिकामंच, म्हणजे ती मागे पुरेशी गेलीच नव्हती.

हा शेवटचा बिघाड लोकांना सगळ्यात जास्त चकवतो. रिमफायर सेमी-ऑटोमध्ये बहुधा स्लाइड किंवा बोल्ट कशाने कुलूपबंद नसतो. त्याचं वजन आणि मागची स्प्रिंग एवढ्याच आधारावर तो बारासमोर टिकतो, आणि बाराच्या मागच्या धक्क्यानेच उघडतो. म्हणजे काडतुसाचा जोर आणि स्प्रिंगचा ताण यांचं गणित जमायला हवं. स्पर्धेचं काडतूस मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली, सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास ठेवतात, कारण आवाजाच्या वेगापाशी गोळी डगमगते. शिकारीचं वेगवान काडतूस ३७० च्या पुढे जातं. त्याच्यासाठी बसवलेली स्प्रिंग सौम्य काडतुसाला पेलत नाही. स्लाइड अर्ध्यातून परत येते आणि नवं काडतूस उचलायचं राहून जातं. इथं ऑस्ट्रेलियात जुलैत, ऐन हिवाळ्यात, सकाळी पारा चार-पाच अंशांवर असतो. तेव्हा तेल घट्ट होतं, दारूचा जोरही थोडा उतरतो, आणि उन्हाळ्यात कुरकुर न करणारी पिस्तुलं अडू लागतात. कोल्हापुरात थंडीचा तेवढा प्रश्न नाही, पण जाड तेल सढळ हाताने घातलं असेल तर परिणाम तोच.

आता मॅगझिन. कडेची काडतुसं एकावर एक रचताना वरच्याची कड खालच्याच्या कडेपुढे असावी लागते. ती मागे गेली तर वरचं काडतूस पुढे ढकलताना खालच्याला अडकतं आणि दोन्ही जागच्या जागी रुततात. रुगर कंपनीने १९६४ साली आणलेल्या १०/२२ रायफलीत हा पेच मुळातूनच सोडवला. तिच्या दहा काडतुसांच्या मॅगझिनमध्ये एक फिरती चकती आहे, तिच्यात प्रत्येक काडतुसाला स्वतंत्र खाच, त्यामुळे कडा एकमेकींना भेटतच नाहीत. पिस्तुलाच्या उभ्या मॅगझिनमध्ये ही सोय नसते. तिथं भरणाऱ्याच्या बोटांनीच काळजी घ्यायची. शिवाय मॅगझिनचे ओठ पातळ पत्र्याचे असतात. फरशीवर एकदा पडलं तरी ते डोळ्यांना न दिसण्याइतके वाकतात, आणि काडतुसाचं नाक वर येण्याचा कोन बदलतो.

त्याच १०/२२ ची गोष्ट तुझ्यासारख्या वर्कशॉपवाल्याला आवडेल. तिचे सुटे भाग इतके जण बनवतात की रुगरचा एकही भाग न वापरता पूर्ण रायफल जुळवता येते. एकाची नळी, दुसऱ्याचा बोल्ट, तिसऱ्याचं मॅगझिन. प्रत्येक भाग आपापल्या ड्रॉइंगच्या मर्यादेत असतो, आणि तरीही जुळवलेली रायफल अडते, कारण सगळ्यांच्या मापातली सूट एकाच बाजूला साचते. काडतुसाची कड जेमतेम १.१ मिलिमीटर जाड. तिथं चार भागांनी शतांशात फरक दिला तरी बोल्ट पूर्ण मिटेनासा होतो. त्यात मालकाला हवी असते अचूकता, म्हणून नळीला स्पर्धेचं तंग चेंबर पाडून घेतलेलं असतं. अशा चेंबरमध्ये गोळीचं नाक थेट नळीच्या आतल्या खाचांत दाबून बसवावं लागतं. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीत हाताचा जोर ते करतो. सेमी-ऑटोत बिचाऱ्या स्प्रिंगला ते झेपत नाही. न उडालेलं काडतूस बाहेर काढायला गेलं तर गोळी नळीतच राहून नुसती पुंगळी हातात येण्याचीही भीती. म्हणून अशा रायफलींसाठी बेंट्झ नावाचं मधलं माप वापरतात: स्पर्धेच्या चेंबरहून सैल, साध्याहून तंग. यंत्र जितकं नेमकं करावं तितकं ते खाण्याच्या बाबतीत चोखंदळ होत जातं, हे हौशी जुळवणाऱ्यांना उशिरा उमगतं.

टार्निटमध्ये मात्र अशी रायफल कुणा हौशी नेमबाजाकडे सापडायची नाही. २८ एप्रिल १९९६ ला टास्मानियात पोर्ट आर्थर इथं एका बंदूकधाऱ्याने ३५ माणसं मारली. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, १० मे रोजी, पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने सगळ्या राज्यांना एका करारात आणलं. सरकारने पैसे मोजून साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका परत घेतल्या आणि वितळवल्या. दहापर्यंत काडतुसांची सेमी-ऑटो रिमफायर रायफल तेव्हापासून ‘सी’ वर्गात आहे. शेतीवर पोट असणाऱ्यांना आणि अशाच मोजक्यांना कारण पटवून दिल्यावर तिचा परवाना मिळतो. साध्या क्लबवाल्याने बोल्ट-अ‍ॅक्शन वापरायची. सेमी-ऑटो टार्गेट पिस्तूल मात्र हँडगनच्या परवान्यावर, क्लबचं सभासदत्व टिकवलं तर बाळगता येतं. नियम जाचक आहेत अशी कुरकुर क्लबांत ऐकू येते. ज्या देशाने ती ३५ माणसं पुरली, त्याने हे नियम करणं योग्यच होतं. नेमबाजी त्याने संपलीही नाही.

उलट मेलबर्नच्या या बाजूला नेमबाजीचा चांगला इतिहास आहे. १९५६ च्या ऑलिंपिकमधली क्ले टार्गेटची स्पर्धा लॅव्हर्टनच्या हवाई तळावर झाली, आणि रायफल-पिस्तुलाची विल्यम्सटाउनच्या रेंजवर. दोन्ही ठिकाणं टार्निटपासून गाडीने जवळच. विल्यम्सटाउनची रेंज आता नाही; तिथं घरं झाली, आणि समुद्राकडेला पक्ष्यांसाठी राखीव जागा आहे. त्या रेंजवर १९५६ ला कॅनडाच्या जेराल्ड वुलेटने पालथं पडून मारायच्या ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ६०० मारले. सुवर्णपदक त्याचंच राहिलं, पण विश्वविक्रम मान्य झाला नाही, कारण नंतर मोजल्यावर रेंज दीड मीटरने आखूड निघाली. ऑलिंपिकच्या मैदानावरही माप चुकतं!

आपल्या कोल्हापूरचा धागाही इथं आहे. २००६ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तेजस्विनी सावंतने मेलबर्नमध्येच एअर रायफलची दोन सुवर्णं जिंकली, एक एकेरीत आणि एक अवनीत कौर सिद्धूबरोबर. चार वर्षांनी म्युनिकला पॉइंट २२ वर ती प्रोनची विश्वविजेती झाली. आणि तुझ्या लेकीचा जो प्रकार, त्याच २५ मीटर पिस्तुलात राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडला पालेमबांगमध्ये सुवर्ण मिळवलं: ३४–३४ अशी बरोबरी, पहिल्या शूट-ऑफमध्ये पुन्हा बरोबरी, दुसऱ्यात निकाल. त्या क्षणी हातातलं यंत्र अडणार नाही ही खात्री नेमबाजाला किती लागत असेल ते तूच बघ. पोरीच्या मनातून ती खात्री गेली असेल तर ती दर गोळीला अर्धं लक्ष स्लाइडकडे ठेवणार. माझ्या जिवाला खरी काळजी त्याची लागली आहे.

एक शंका नीट तपासून घ्या. ती रोज घरी ड्राय प्रॅक्टिस करते ना? काही पिस्तुलांना त्यासाठी वेगळी सोय असते; नसेल तर रिकाम्या चेंबरवर पिन आदळत राहते, कारण रिमफायरची पिन नेमकी चेंबरच्या काठावरच उतरते. हळूहळू तिथं बारीक खड्डा पडतो आणि त्याची धार चेंबरच्या आत उठते. काडतूस जाताना तिला घासतं, पुंगळी निघताना अडते. यावरही कानस चालत नाही, कारण धातू घासून काढायचा नसतो, मूळ जागी परत दाबून बसवायचा असतो. त्यासाठी वेगळं हत्यार असतं आणि ते चालवणारा आर्मररच हवा.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी चेंबर आणि मॅगझिन स्वच्छ. चेंबरच्या पुढच्या टोकाला मेण आणि काजळीचं कडं धरतं, ते ब्रशने पूर्ण निघालं पाहिजे. मग प्रत्येक मॅगझिनवर मार्करने खूण करा आणि अडलं की कोणतं मॅगझिन, कितवं काडतूस, कसं अडकलं ते वहीत लिहा. एकाच मॅगझिनमध्ये अडत असेल तर पिस्तुलाला हातच लावायला नको. सगळ्यांत अडत असेल तर दुसऱ्या बनावटीचं काडतूस वापरून बघा. त्यानंतर स्प्रिंग. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर गुण कशाने आला ते कळणार नाही.

आणि तिला हे बजावून सांग: चाप ओढला आणि बार उडाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच धरून निदान तीस सेकंद थांबायचं, काडतूस उशिराही पेटू शकतं. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर दुसरी गोळी मारायचीच नाही. पहिली नळीत अडकलेली असू शकते. स्लाइड पूर्ण मिटलेली नसताना तिला बोटाने रेटून बार उडवायचा नाही, ही पुंगळी पातळ असते आणि बुडाशी फाटली तर तप्त वायू तोंडावर येतो. डोळ्यांवर चष्मा कायम हवा. स्पर्धेत अडलं तर स्वतः स्लाइड न ओढता मोकळा हात वर करायचा. दोष यंत्राचा किंवा काडतुसाचा ठरला तर नियमात तिला पुन्हा संधी आहे. मध्येच खटपट केली तर तो हक्क जातो.

वहीची पानं भरली की त्यांचे फोटो पाठव, आणि काडतुसाच्या डब्यावरचा लॉट नंबरही. पिन कडेवर कुठं उमटली आहे ते दिसेल अशा चार-दोन रिकाम्या पुंगळ्यांचे फोटोही जवळून काढ. तिच्या कोचला विचारून परवानाधारक आर्मररची वेळ घेऊन ठेव. स्पर्धांच्या हंगामात ते लवकर मिळत नाहीत.

वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा