शेंदूर, हिंगूळ आणि कुंकू : एक लाली, तीन द्रव्ये

१/ आजचा धागा एका रंगाविषयी. दगडाला शेंदूर फासला की त्याचा देव होतो, असे आपण सहज म्हणतो. पण शेंदूर म्हणजे नेमके काय, हे क्वचितच कोणी विचारते. आमच्या मुलचेरा तालुक्यात मला हा प्रश्न टाळता आला नाही.

२/ कारण इथे लाल रंगाच्या दोन परंपरा शेजारी नांदतात. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती या जंगलभागात उभ्या राहिल्या, तेव्हा गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता. चंद्रपूरपासून तो १९८२ साली वेगळा झाला. आज एका घरी कपाळावर कुंकू, शेजारी भांगात सिंदूर आणि गावच्या मारुतीला तेल-शेंदूर.

३/ या लालीमागे द्रव्ये तीन. पहिले, पारंपरिक कुंकू. हळदीत टाकणखार आणि लिंबाचा रस मुरवला की पिवळ्याचा लाल होतो. ही वनस्पतीची लाली. तिच्यात धातूचे विष नाही.

४/ दुसरे, हिंगूळ. पारा आणि गंधक यांचे हे खनिज. वजनाने सुमारे ८६ टक्के पारा. स्पेनमधील अल्मादेनच्या खाणींतून ते दोन हजारांहून अधिक वर्षे निघत होते. तिथे गुलाम आणि शिक्षा झालेले कैदी राबवले गेले. लालीची किंमत आधी त्यांनी मोजली.

५/ आपल्या रसशास्त्राला हिंगुळाचे मर्म ठाऊक होते. दोन मडकी तोंडाला तोंड लावून सांधायची, खालून जाळ, वरच्या मडक्यावर थंड पाणी. हिंगुळातला पारा वाफ होऊन वर जमतो. हेच डमरूयंत्र. ज्या ज्ञानाने पारा मिळतो, त्यातच धोकाही आहे. थंड हिंगूळ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तापवला की मात्र पाऱ्याची वाफ थेट फुप्फुसांत जाते.

६/ तिसरे, शेंदूर. शिसे हवेत भाजले की मुरदाडशिंग होते. ते पुढे सुमारे ४५० अंश सेल्सिअसवर भाजत राहिले की नारिंगी-लाल शेंदूर. वजनाने सुमारे ९० टक्के शिसेच! गायकाचा आवाज बसावा म्हणून विड्यातून शेंदूर खाऊ घातल्याच्या आख्यायिका आपल्याकडे सांगतात. त्या खऱ्या-खोट्या कशाही असोत, शेंदूर पोटात जाऊ नये हे लोकांना माहीत होते एवढे त्यातून नक्की दिसते.

७/ नावांचा घोळही जुनाच. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी ‘मिनियम’ म्हणतो तो हिंगूळ. पुढे तेच नाव शेंदराला चिकटले. हस्तलिखितांत या रंगाने अक्षरे रंगवण्याच्या कामावरून ‘मिनिएचर’ हा शब्द आला. प्लिनीनेच नोंदवले आहे की, हा रंग तयार करणारे कामगार भुकटी श्वासात जाऊ नये म्हणून जनावराच्या मूत्राशयाची पातळ कातडी तोंडावर बांधत. म्हणजे धोका तेव्हाही ठाऊक होता. तो रंगासोबत गिऱ्हाइकापर्यंत पोहोचला नाही, इतकेच.

८/ आणि निरुपद्रवी लाल? तो आमच्या मातीतच आहे. एटापल्लीजवळची सूरजागडची टेकडी लोहखनिजासाठी प्रसिद्ध आहे. गेरूची लाली त्याच लोहाच्या गंजाची. अजिंठ्याच्या भिंतींवरचा लाल प्रामुख्याने गेरूच. पण गेरू मातकट. शेंदराची झळाळी त्याला नाही. माणूस झळाळीला भुलला.

९/ हा सारा इतिहासच राहिला असता, तर मी हा धागा लिहिला नसता. २०१७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. न्यू जर्सीतील दुकानांतून ९५ आणि मुंबई-दिल्लीतून २३ असे सिंदुराचे ११८ नमुने तपासले. दहापैकी सुमारे आठ नमुन्यांत मोजण्याजोगे शिसे आढळले. पुडीवर नाव सिंदुराचे. आत काय, ते कोणालाच दिसत नाही.

१०/ शिशाला ‘सुरक्षित मात्रा’ नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते हाडांत साठते आणि गरोदरपणात तिथून रक्तात उतरून गर्भापर्यंत पोहोचते. गिळलेले शिसे लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार-पाच पट शोषले जाते. मूल आईच्या केसांना हात लावते आणि तोच हात तोंडात घालते. विजयादशमीच्या सिंदूरखेळात स्त्रिया एकमेकींच्या गालांना सिंदूर माखतात आणि त्याच हातांनी मिठाई भरवतात.

११/ शेजारच्या बंगाली घरी बाळ जन्मले, तेव्हा त्या घरच्या आजींशी मी हे बोललो. आम्ही सारे त्यांना ठाकुमा म्हणतो. निर्वासितांच्या छावणीतून इथवर त्यांनी जी थोडी चिन्हे जपली, त्यांत सिंदुराची डबी होती. ती टाकून द्या म्हणण्याचा मला अधिकार नव्हता. त्यांनी सारे ऐकले आणि म्हणाल्या, “बाळाला बाधेल ते मला नको. डबी राहू दे, आतले बदलू.” आता त्या डबीत हळदीचे कुंकू असते.

१२/ म्हणून एवढे करा. पुडी घेताना रंग कशाचा, ते विचारा. चिमूटभर भुकटी डोळ्यांत भरेल इतकी जड लागली, तर सावध व्हा. पण हलकी आहे म्हणून निर्धोक समजू नका, भेसळ वजनाने कळत नाही. देवाचा जुना शेंदूर कोरडा खरवडू नका, हिंगूळ विस्तवात टाकू नका. सिंदूरखेळानंतर आधी हात धुवा, मग मिठाई. आणि लेकुरवाळ्या घरात हा धागा जरूर वाचून दाखवा.